एलआरएम सुटतात, पण लागत नाहीत: मेकवॉरिअर ऑनलाइनमधल्या फायर सपोर्टचं नेहमीचं दुखणं

मेकवॉरिअर ऑनलाइन हा ‘मेक’ नावाचे अवाढव्य लढाऊ यंत्रमानव चालवायचा ऑनलाइन खेळ, आणि त्यात मागून मारा करून टीमला आधार देणं म्हणजे फायर सपोर्ट. त्यातलं दुखणं साधारण असं असतं. कॅटापल्ट हा मेक घ्यायचा, त्याच्या दोन्ही ‘कानां’त एलआरएम-१५ (एका वेळी लांब पल्ल्याची पंधरा मिसाईलं सोडणारे लाँचर) ठेवायचे आणि टीमच्या बरंच मागे आडोशाचं एखादं टेकाड गाठायचं. शत्रूवर लॉक बसला, म्हणजे मिसाईलांनी त्याचा नेम धरला, की बटण दाबायचं. तीस मिसाईलं धूर सोडत वर चढतात, बघायला फार छान वाटतं. सामना संपतो तेव्हा मात्र अ‍ॅमो (दारूगोळा) संपलेला असतो, डॅमेज दीडशे-दोनशेच्या वर गेलेलं नसतं आणि पुढे उभे राहिलेले आपले साथीदार एकेक करून पडलेले असतात. पुढच्या सामन्याला लोडआउट (शस्त्रांची मांडणी) बदलतो, मग मेक बदलतो, तरी पुन्हा तेच.

मी हे जवळजवळ वर्षभर सोसलं. दोष मेकचा आहे असं धरून कॅटापल्ट बाजूला ठेवला, स्टॉकर घेतला, मग आर्चर. एलआरएम-१५ काढून २० लावले. काही फरक पडला नाही.

एका रात्री पोलर हायलँड्स हा मॅप लागला. सगळीकडे बर्फ, उंच आडोसा फारसा नाही. एलआरएमवाल्यांना हा मॅप मिळाला की आनंद होतो. माझा आतेभाऊ लोकस्ट हा हलका, वेगवान मेक घेऊन शत्रूच्या बाजूला शिरला होता. मी त्याला दादाच म्हणतो. मध्येच तो व्हॉइसवर म्हणाला, “अरे, तुझी मिसाईलं मला इथून दिसतायत. ह्याला वॉर्निंग वाजते, हा दोन पावलं सरकून खडकामागे जातो आणि तुझा सगळा माल बर्फात फुटतो. मग हा निवांत परत बाहेर येतो. चौथी वेळ आहे ही. तू आहेस तरी कुठे?”

मी ८४० मीटरवर होतो. टार्गेटच्या चौकटीखाली तो आकडा सामनाभर माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि मी त्याच्याकडे “रेंजमध्ये आहे ना, मग झालं” एवढंच बघत होतो.

आधी अंतराचा आकडा बघा

एलआरएमची कमाल रेंज ९०० मीटर. त्यापुढे मिसाईल हवेतच फुटून जातं. किमान रेंज १८० मीटर, आणि इनर स्फिअर ह्या गटाच्या लाँचरचं मिसाईल त्याच्या आत आदळलं तरी काही इजा करत नाही. ही १८० मीटरची अट मूळ बॅटलटेक बोर्ड गेममधून आली आहे. १९८४ साली एफएएसएने काढलेल्या त्या खेळात पटावरचं एक षटकोनी घर ३० मीटरचं धरतात आणि एलआरएमची किमान रेंज सहा घरांची आहे. तिथे कमाल रेंज २१ घरं, म्हणजे ६३० मीटर. व्हिडिओ गेमने ती वाढवून ठेवली, आणि माझ्या मते आपल्यासारख्यांची फसगत नेमकी इथेच होते. ९०० मीटरवरून मारता येतं, म्हणून आपण ९०० वरूनच मारत बसतो.

गणित करून बघा. आठशे मीटरवरून सोडलेलं मिसाईल चार-पाच सेकंद हवेत असतं. मूळ १६० च्या इंजिनावर लोकस्ट ताशी १२९.६ किलोमीटरने पळतो, म्हणजे सेकंदाला ३६ मीटर. चार सेकंदांत तो जवळजवळ दीडशे मीटर लांब गेलेला असतो. अ‍ॅटलससारखा १०० टनांचा सगळ्यात सुस्त मेकसुद्धा ३०० च्या इंजिनावर ताशी ४८.६ ने चालतो आणि तेवढ्या वेळात पन्नासहून जास्त मीटर सरकतो. खडकामागे जायला इतकं पुष्कळ झालं. शिवाय मिसाईल निघाल्याची सूचना त्याला कॉकपिटमध्ये मिळतेच. लांबून मारणं म्हणजे त्याला आधी निरोप पाठवून मग घरी जाण्यासारखं आहे.

तेच ३५० मीटरवरून सोडा. दोन सेकंदांच्या आत तीस मिसाईलं त्याच्या अंगावर असतात. वॉर्निंग ऐकून तो वळेपर्यंत पहिली खेप लागलेली असते.

म्हणून आता मी एकच पट्टा डोक्यात ठेवतो, ३०० ते ५०० मीटर. म्हणजे आपण मागच्या फळीत न राहता दुसऱ्या फळीत उभे राहतो. पुढच्या हेवी आणि असॉल्ट, म्हणजे सगळ्यात जड मेकांच्या पाठीमागे शंभर-दीडशे मीटरवर, त्यांच्या खांद्यावरून बघत. ते पुढे गेले की आपणही जायचं. आपला वेग ताशी ६४.८ असेल आणि टीम निघून गेल्यावर आपण निघालो, तर मधल्या मोकळ्या पट्ट्यात एकटे सापडतो. बहुतेक फायर सपोर्ट मेक तिथेच मरतात.

लॉक बसतो आणि मध्येच तुटतो

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. तिची कारणं तीन-चार आहेत, पण मुळाशी गेलं तर गोष्ट एकच: टार्गेट तुम्हाला स्वतःला दिसत नव्हतं.

आडोशामागून लॉक मिळतो तो कुणीतरी साथीदार त्या शत्रूकडे बघत असतो आणि त्याने कीबोर्डवरचं आर दाबून त्याला टार्गेट केलेलं असतं म्हणून. त्याने दुसरीकडे नजर वळवली, टार्गेट बदललं किंवा तो मेला, की तुमचा लॉक गेला. मिसाईलं मग शेवटच्या माहीत असलेल्या जागी जाऊन पडतात. त्यात शत्रूने स्किल ट्रीमधून रडार डिप्रायव्हेशन घेतलेलं असेल तर तो नजरेआड झाल्याबरोबर लॉक सुटतो, सावरायला क्षणभरही मिळत नाही. म्हणून चॅटमध्ये “प्लीज, आर दाबून ठेवा” अशी विनंती करावी. ती वाया जात नाही. पण त्या विनंतीच्या भरवशावर अख्खा सामना खेळू नये.

एक चूक माझ्याकडून फार वेळा व्हायची. मिसाईलं सुटली की मी नेम दुसरीकडे न्यायचो, किंवा मागे वळून मॅप उघडायचो. लॉक टिकवायचा तर मिसाईलं लागेपर्यंत नेम टार्गेटच्या चौकटीवरच हवा. बटण दाबल्यावर काम संपत नाही, शेवटचं मिसाईल पोचल्यावर संपतं. इतकं साधं असून हे कुणी सांगत नाही.

लॉक बसतच नसेल, चौकटच येत नसेल, तर बहुतेक समोर ईसीएम आहे. ईसीएम असलेला मेक स्वतःला आणि जवळच्या साथीदारांना सेन्सरपासून झाकतो. ह्यावर हुकमी इलाज म्हणजे टॅग, शत्रूच्या अंगावर धरून ठेवायचा खुणेचा किरण. वजन एक टन, बसतो एका एनर्जी हार्डपॉइंटवर (लेझरसारखी शस्त्रं लावायच्या जागेवर), रेंज ७५० मीटर. तुम्ही स्वतः त्या ईसीएमच्या छत्राबाहेर असाल तर टॅगचा किरण अंगावर धरलेल्या मेकवर लॉक बसतो. पण टॅग हा सरळ रेषेतला किरण आहे, टेकाडाआडून तो चालत नाही. आर्टेमिस ह्या लाँचरला जोडायच्या उपकरणाचंही तेच. दर लाँचरमागे एक टन आणि एक स्लॉट जास्त घेतो, त्या बदल्यात मिसाईलं एकत्र ठेवून नेतो, पण टार्गेट स्वतःच्या नजरेत असेल तरच. आर्टेमिस लावून टेकाडामागे बसणारे मी रोज बघतो. त्यांचे दोन टन फुकट गेलेले असतात.

तेव्हा स्वतः बघून मारा. डोंगराच्या कडेवर फक्त कॉकपिट वर येईल इतकंच चढा, मारा, मिसाईलं पोचू द्या, दोन पावलं मागे या. ह्या कामाला कॅटापल्टची बांधणी फार सोयीची आहे. लाँचर कॉकपिटच्याही वर, कानांसारखे दोन्ही बाजूंना आहेत. नजर कडेच्या वर आली की मिसाईलांचा रस्ता मोकळा असतो. पायापासून छातीपर्यंत सगळं शरीर दगडाआड राहतं.

कोणता मेक घ्यावा

कॅटापल्टच घ्या असं मी म्हणेन, आणि त्यातही सी१ हा प्रकार. ६५ टन, दोन एलआरएम-१५, चार मिडियम लेझर, चार जंप जेट, २६० चं इंजिन. ही मूळ रचना बोर्ड गेमपासून चालत आली आहे आणि ती विचार करून केलेली आहे. एलआरएम हातांत, म्हणजे त्या कानांत. लेझर धडात: दोन मधल्या भागात आणि एकेक दोन्ही बाजूंना. शत्रूने दोन्ही कान उडवले तरी चार लेझर शाबूत राहतात आणि तुम्ही लढत राहता. कानांना दारंही आहेत. ती बंद असताना त्यांच्यावरचा मार थोडा कमी बसतो, म्हणून मारायचं नसेल तेव्हा दारं बंद ठेवायची सवय लावा.

ए१ च्या मूळ रचनेत एकही लेझर नाही, सगळी मदार मिसाईलांवर. नवख्याला तो आकर्षक वाटतो, कारण जितके लाँचर तितका मार असं वाटतं. मला वाटलं होतं. १८० मीटरच्या आत कुणी आलं की ए१ हे नुसतं चालतं गोदाम उरतं. के२ मध्ये उलट आहे. मिसाईलं नाहीतच, दोन पीपीसी (मोठ्या ऊर्जा-तोफा) आहेत. तोही फायर सपोर्टच, पण सरळ रेषेतला. हात स्थिर असेल आणि आडोशामागून मारायची ओढ सुटत नसेल तर काही दिवस के२ चालवून बघा. नजरेसमोर ठेवून मारायची सवय तो आपोआप लावतो.

आर्चर ७० टनांचा, दोन एलआरएम-२०, वेग सी१ इतकाच. जास्त चिलखत हवं असेल तर चांगला. ट्रेब्युशे ५० टनांचा, २५० च्या इंजिनावर ताशी ८१ ने जातो. टीमबरोबर धावता येत नाही ही तुमची मुख्य अडचण असेल तर तोच घ्या, चिलखत मात्र कमी मिळेल. स्टॉकर ८५ टनांचा. त्यात खूप काही मावतं, पण जागा चुकली तर ती सुधारायला वेळ मिळत नाही. म्हणून शिकताना तो नको.

सी१ घेतल्यावर आधी करायचे बदल सांगतो. मूळ रचनेत एलआरएमचा अ‍ॅमो फक्त दोन टन आहे. तो अर्ध्या सामन्यात संपतो. एंडो-स्टील ह्या हलक्या सांगाड्याने तीनेक टन वजन सुटतं, दोन जंप जेट काढले की आणखी दोन टन. त्यातून अ‍ॅमो पाच-सहा टनांवर न्या, उरेल ते चिलखताला. साधे हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारे भाग) काढून डबल लावा, हे सगळ्यात आधी. लेझर काढून अ‍ॅमो वाढवू नका. एखादा लेझर टॅगसाठी काढायला हरकत नाही, पण तीन तरी ठेवाच. का, ते पुढे येतंच आहे.

लाइट अंगावर येतो तेव्हा

एलआरएमचा धूर आभाळात दिसतो. समोरच्या टीममधला लोकस्ट किंवा जेनरसारखा लाइट, म्हणजे हलका मेक, तो धूर बघून माग काढत येतो. तो अचानक आला असं आपल्याला वाटतं, पण त्याला आपणच बोलावलेलं असतं.

मी पूर्वी काय करायचो? पळायचो. ६४.८ च्या वेगाने १२९ वाल्यापुढे. पाठीचं चिलखत सगळ्यात पातळ, आणि मी तीच त्याच्या तोंडापुढे धरायचो.

आता मी पहिलं पाऊल पळण्यासाठी न टाकता पाठ टेकायला टाकतो. जवळचा दगड, भिंत, इमारत, काहीही चालेल. पाठ झाकली की त्याला समोरच यावं लागतं. एलआरएमच्या बटणावरचं बोट काढून घ्यायचं, कारण १८० च्या आत त्यांचा उपयोग नाही आणि वर उष्णता चढते. लेझर एका वेगळ्या ग्रुपवर बांधून ठेवलेले असावेत. नेम पायावर, आणि एकाच पायावर. उजवा धरला तर उजवाच. लाइटच्या पायाचं चिलखत फार नसतं. दोन-तीन वेळा चारही लेझर एका पायावर नीट लागले की बहुतेक जण पळ काढतात. तो पळायला लागला की १८० ते २७० मीटरचा पट्टा येतो. मिडियम लेझरची पूर्ण ताकदीची रेंज २७० मीटर आणि एलआरएमची किमान १८०, म्हणजे ह्या नव्वद मीटरांत दोन्ही चालतात. हा पट्टा ओळखू लागलो तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला हा मेक चालवता येतो.

आणि ओरडा. व्हॉइसवर किंवा चॅटमध्ये जागा सांगा. दुसऱ्या फळीत असाल तर मदतीला येणारा माणूस शंभर मीटरवर असतो. ८४० मीटरवर एकटे असाल तर तो येईपर्यंत खेळ आटोपलेला असतो. जागेचा प्रश्न सुटला की हा प्रश्न निम्मा सुटतो, तो असा.

राहिलेल्या दोन-तीन गोष्टी

मिसाईलं वाटेतच फुटत असतील तर समोर एएमएस, म्हणजे येणारी मिसाईलं हवेतच पाडणारं शस्त्र, आहे. लहान लाँचरांची सततची धार एएमएस सहज खातो. दोन्ही लाँचर एकदम सोडा, निदान अर्धी तरी पलीकडे जातात. तीन-चार एएमएस एकत्र दिसले तर तो घोळका सोडून कडेला चुकलेला एखादा मेक शोधा.

डॅमेजच्या आकड्याला फार भुलू नका. एलआरएमचा मार अंगभर पसरतो. चारशे डॅमेज दहा जणांत वाटलेलं असेल तर कुणीच पडत नाही. आपला एखादा असॉल्ट ज्याच्याशी भिडला आहे त्याच्यावरच सगळी मिसाईलं टाकली तर आकडा कमी येईल, पण तो माणूस मागे हटेल आणि आपला वाचेल. फायर सपोर्ट ह्या शब्दातला सपोर्ट तो.

पिंगबद्दल, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळेबद्दल, बरेच जण विचारतात. भारतात बसून खेळताना उत्तर अमेरिका, युरोप किंवा ओशिआनिया ह्यांतलाच सर्व्हर घ्यावा लागतो आणि पिंग चढीच असते. आमच्याकडे रात्री साडेबारा वाजतात तेव्हा युरोपात संध्याकाळ असते, तेव्हा गर्दी चांगली मिळते. चढ्या पिंगचा त्रास लेझर आणि ऑटोकॅननला जास्त जाणवतो. एलआरएमला कमी, कारण शेवटचा नेम मिसाईल स्वतः धरतं. त्यामुळे मिसाईलं लागत नसतील तर पिंगवर खापर फोडण्याआधी अंतर बघा.

ह्यातलं काही पटत नसेल तर खेळातल्याच टेस्टिंग ग्राउंड्स ह्या सरावाच्या जागेत जा. तिथले मेक जागेवर उभे असतात, गोळी मारत नाहीत. एकासमोर १७० मीटरवर उभे राहून एलआरएम सोडा, त्याच्या चिलखताचा रंगही बदलणार नाही. वीस मीटर मागे या आणि पुन्हा सोडा. मग ४०० वर जा आणि मिसाईल पोचायला लागणारा वेळ तोंडाने मोजा. मग ८०० वर जाऊन पुन्हा मोजा. दहा मिनिटांचं काम आहे. त्यानंतर सामन्यात तो आकडा दिसला की पाय आपोआप पुढे पडतात.

एक मॅप मात्र मला अजून नीट जमलेला नाही, सोलारिस सिटी. उंच इमारती, अरुंद गल्ल्या, वरून मिसाईल टाकायला जागाच नाही. मेक आधी निवडलेला असतो आणि मॅपचं मतदान नंतर होतं, त्यामुळे ऐनवेळी बदलताही येत नाही. मतदानात मी दुसरा मॅप मागतो. तरी लागलाच, तर असॉल्टवाल्यांच्या मागोमाग लांब सरळ रस्त्यावर राहतो, रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला दिसेल त्यालाच मारतो आणि चौक आला की एलआरएमवरचं बोट काढून लेझरवर ठेवतो. गेल्या आठवड्यात असंच ४१० मीटरवरून एक अ‍ॅटलस रस्त्याच्या मधोमध सापडला. दोन्ही बाजूंना भिंती, वळायला जागा नाही. तीन खेपा लागल्या आणि आमच्या पुढच्या माणसाने त्याचं काम संपवलं.